वॉर्मरजवळ मनातल्या मनात बोलू नका

नवीन सिस्टरांना एनआरपी, म्हणजे जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला कसं सावरायचं ते शिकवताना मॅनिकिन (सरावाचं बाहुलं) हातात द्यायच्या आधी मी एक गोष्ट सांगते, वॉर्मरजवळ, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या टेबलाजवळ, जे दिसतंय ते मोठ्याने बोलायचं. बॅग-मास्क (नाका-तोंडावर मास्क धरून बॅग दाबत श्वास देणं) सरावाने हातात बसतो, बोलणं नाही बसत, कारण आपल्याकडे मोठ्या डॉक्टरांपुढे गप्प राहते तीच चांगली सिस्टर असं आधीच मनात भरवलेलं असतं.

दहातल्या साधारण एका बाळाला जन्मल्यावर श्वासासाठी काही ना काही मदत लागते. पहिलं मिनिट, ज्याला आपण गोल्डन मिनिट म्हणतो, त्यात पुसायचं, डोकं नीट ठेवायचं, पाठ चोळायची आणि तरी श्वास नाही तर बॅगिंग चालू. एवढ्या घाईत "अरे कोणीतरी स्टेथो द्या" म्हटलं की एकतर तिघी धावतात नाहीतर तिघी एकमेकींकडे बघतात. नाव घेऊन सांगा. आणि जिला सांगितलं तिने ते परत बोलून दाखवायचं, झाल्यावर झालं म्हणायचं.

ॲड्रेनलिनचंच बघा, बाळाचं हृदय मंदावलं की द्यायचं औषध. आपल्याकडे अँप्यूल (औषधाची छोटी काचेची कुपी) एकास हजार एवढ्या तीव्रतेची येते, बाळाला द्यायच्या आधी सलाइनने दहापट पातळ करावी लागते. "काढली का?" "हो सर." ह्या हो वर मला अजिबात भरवसा नाही! "एकास दहा हजार केली, पॉइंट सहा मिली काढली, नाळेच्या शिरेतून देते" असं पूर्ण वाक्य आलं पाहिजे, मग ऐकणाऱ्या चार कानांपैकी एकाला तरी चूक पकडता येते. ठोके साठच्या खाली गेले की कॉम्प्रेशनला (छाती दाबण्याला) सुद्धा तसंच, तीन दाब एक श्वास, दाबणाऱ्याने मोठ्याने मोजायचं म्हणजे बॅगवाल्याचा हात चुकत नाही.

पण सगळ्यात अवघड वाक्य वेगळंच आहे. "सर, छाती हलत नाहीये." मास्क लीक होत असेल, मान वाकडी असेल, बॅग दाबणाऱ्याला ते दिसत नाही, बाजूच्या सिस्टरला दिसतं, आणि ती जर सरांना राग येईल म्हणून थांबली तर ते सेकंद बाळाचे जातात. अमेरिकेत 2004 साली जॉइंट कमिशनने (हॉस्पिटलांना मान्यता देणारी संस्था) प्रसूतीच्या वेळी बाळ दगावलेल्या किंवा कायमची इजा झालेल्या केसेस तपासल्या होत्या, त्यात सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण आपसातलं बोलणंच होतं.

म्हणून सिनियर डॉक्टरांना माझी खरंच हात जोडून विनंती आहे, केसच्या आधी अर्धं मिनिट द्या. किती आठवडे, गर्भजल कसं, अजून काही रिस्क, नाळेचं काय करायचं, हे चार प्रश्न विचारा, डोक्याकडे कोण उभं राहणार ते ठरवा आणि तिथेच सगळ्यांसमोर म्हणा की माझं काही चुकतंय वाटलं तर लगेच सांगा. रात्री तालुक्याच्या ठिकाणी एकच सिस्टर आणि मावशी असतात, तेव्हा घड्याळ बघून वेळ ओरडून सांगायचं काम मावशींना द्या, त्या ते व्यवस्थित करतात, फक्त कोणी आधी सांगत नाही.