तुम्ही विचारलंत म्हणून: हा जंतू ॲसिडमध्ये मरत कसा नाही?

लॅबमध्ये काम करते म्हटल्यावर मावशीपासून सोसायटीतल्या काकूंपर्यंत सगळे रिपोर्टचे फोटो पाठवतात, आणि एच पायलोरी (जठरात राहून अल्सर करणारा जंतू) पॉझिटिव्ह असलं की प्रश्न ठरलेला, अगं पण पोटात एवढं ॲसिड असतं तर हा मरत कसा नाही?

खरं सांगू का, तो ॲसिडमध्ये राहतच नाही. जठराला आतून बुळबुळीत थर असतो, भेंडी चिरताना तार येते ना तसा, आणि त्याच्या खाली भिंतीलगत ॲसिड फारसं पोचत नाही. तिथं जाईपर्यंत काय ते निभवायचं. त्यासाठी ह्याच्याकडे युरिएज हे एन्झाइम, त्याने आपल्याच पोटातला युरिया फोडून अमोनिया करायचा की आजूबाजूचं ॲसिड मरतं, वर तो चिकट थरही सैल पडतो, मग हा पिळदार गडी एका टोकाच्या चार-सहा शेपट्या फिरवत सुताराच्या गिरमिटासारखा आत. लांबी जेमतेम ३ मायक्रॉन!

बाकी नखरे खूप. हवेतला पूर्ण ऑक्सिजन सोसत नाही, लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेटवर वाढायला तीन-चार दिवस तरी घेतो. ऑस्ट्रेलियात पर्थला हा जंतू शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांच्या प्लेट्स दोन दिवसांत फेकल्या जायच्या, १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत त्या तशाच राहिल्या आणि वाढ दिसली. (ह्याच शोधासाठी दोघांना २००५ चं नोबेल.) हेलिकोबॅक्टर (एच पायलोरीतला एच) हे वेगळं घराणं १९८९ मध्ये झालं, त्याआधी ह्याला कॅम्पायलोबॅक्टर ह्या दुसऱ्या घराण्यात धरायचे. भाऊबंद मांजराच्या पोटात, उंदराच्या यकृतात, आणि कोंबडीच्या आतड्यातल्या पुलोरम नावाच्या भावाकडे तर युरिएज नाहीच.

आमची टेस्टही युरिएजवरच. एंडोस्कोपीत काढलेला जठराच्या अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा युरियाच्या पिवळ्या जेलमध्ये खुपसायचा, अमोनिया सुटला की आधी तुकड्याभोवती गुलाबी कडा येते आणि मग सगळं जेल राणी कलरचं. इतकी वर्षं झाली तरी मी दर पाच मिनिटांनी डोकावते.

आईची टेस्ट पहिल्यांदा निगेटिव्ह आली, दुसरीकडे केली होती, आदल्या रात्रीपर्यंत ॲसिडिटीची गोळी चालू होती आणि कोणी विचारलंच नाही. ती डॉक्टरांना विचारून किमान दोन आठवडे आधी बंद करावी लागते, नाहीतर जंतू असून सापडत नाही. परत केली तर वीस मिनिटांत गुलाबी. फोटो पाठवला तर आईचा रिप्लाय, रंग छान आहे गं, साडीत मिळत नाही असा.