पाटल्यांचा हिशेब

डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, रुग्णांना सांभाळणाऱ्या घरच्या माणसांसाठी आम्ही सांगलीत महिन्यातून एकदा गट भरवतो. मी वैद्यकीय समाजसेविका. रुग्णाची तपासणी आणि औषधं डॉक्टर बघतात. माझ्या वाट्याला त्याला घेऊन आलेला माणूस येतो, ज्याला सहसा कुणी काही विचारत नाही. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पाच वाजता चहा होतो, मग बोलणं सुरू होतं. रुग्ण गेला की ती माणसं यायची थांबतात, बोलावलं तरी येत नाहीत. त्यामुळे त्या शनिवारी काकी जिना चढून आल्या तेव्हा गप्पा आपोआप थांबल्या. त्यांच्या सासूबाईंना जाऊन महिनाही झाला नव्हता. (ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.)

काकींच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत वह्या. गटात नव्या आलेल्या प्रत्येकाला आम्ही वही घालायला सांगतो: झोप किती, जेवण काय, औषध कधी, चिडचिड कशावरून. बहुतेकांची वही पंधरवड्यात बंद पडते. काकींनी शेवटच्या दिवसापर्यंत लिहिली होती. त्या बसल्या, चहा घेतला नाही आणि सरळ म्हणाल्या, "मॅडम, मला लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"मी चोर न्हाई म्हणून."

काकींचं घर गावभागात. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं आणि सगळ्यांना मिरजेला नातेवाइकांकडे जावं लागलं. पाणी ओसरल्यावर परत आले, तेव्हापासून सासूबाई वस्तू लपवायला लागल्या. घरचे आजाराची सुरुवात पुरापासून मोजतात. अशी तारीख प्रत्येक घराकडे असते, कुठे ऑपरेशनची, कुठे कुणाच्या मृत्यूची. आजार बहुधा त्याच्या आधीपासून आत काम करत असतो. ओळखीची खोली, ओळखीची कडी, ओळखीचा माठ सुटला की तो उघडा पडतो, एवढंच.

मग पाटल्या हरवल्या. सासूबाईंच्या माहेरच्या, सोन्याच्या, दोन. पुरानंतरच्या दिवाळीला त्या हातात होत्या, नणंदेनं स्वतः पाहिल्या होत्या. पुढे कधीतरी दिसेनाशा झाल्या आणि सासूबाईंनी सुनेचं नाव घेतलं. हे त्या रोज म्हणायच्या. दळण घेऊन येणाऱ्या पोराला सांगायच्या, दारावरच्या भाजीवालीला सांगायच्या, ठाण्याच्या लेकीला फोनवर सांगायच्या. काकींनी ते गिळलं. आजारच बोलतोय, हे त्यांना कळत होतं. तेराव्याला जेवणं आटोपल्यावर नणंदेनं सगळ्यांसमोर विचारलं, "वहिनी, आईच्या पाटल्या कुठे आहेत?" तेव्हा मात्र बोलणारी आजारी नव्हती.

"त्या म्हणायच्या तेव्हा औषधाची येळ बघायची, विषय बदलायचा, चला फुलं काढू म्हणायचं. आता वन्संना काय म्हणू? चला फुलं काढू?"

कुणीतरी हसलं, मग गप्प झालं.

मी असं काही लिहून देऊ शकत नाही. पाटल्या कुठे गेल्या ते मला ठाऊक नाही, आणि माझ्या सहीनं घरातला संशय जात नसतो. मी विचारलं, वन्सं आहेत कुठे? खालीच, म्हणाल्या. दाखल्याच्या आणि बँकेच्या कामासाठी त्या थांबल्या होत्या. काकींनी त्यांना रिक्षात सोबत आणलं होतं, पण वर यायला त्या तयार नव्हत्या. मी खाली गेले. वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी पन्नाशीच्या एक बाई पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. त्यांना समजावायच्या फंदात न पडता मी एवढंच म्हणाले, की वरच्या लोकांच्या घरात तुमच्या आईसारखं कुणी ना कुणी आहे, बसून नुसतं ऐका.

त्या आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीत बसल्या.

पुढचा तास मी फारसं बोलले नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आमच्याकडे येतात, कमी बोलतात. त्यांनीच सुरुवात केली. त्यांची पत्नी त्यांना घरात शिरलेला परका माणूस समजते आणि पेन्शन त्यानं लाटली म्हणून रडते. एका मुलाचे वडील शेजाऱ्यावर पाकीट चोरल्याचा आळ घेतात; पाकीट दर वेळी उशीच्या अभ्र्यात सापडतं. एका बाईंनी सांगितलं, आईचा चष्मा फ्रीजमध्ये मिळाला आणि आईच्या मते तो मोलकरणीनं ठेवला. तिसरी मोलकरीण काम सोडून गेली.

मग मी थोडं समजावलं. हा आजार नवी आठवण साठवणाऱ्या भागात लवकर शिरतो. वस्तू ठेवली जाते, पण ठेवल्याची नोंदच होत नाही. वस्तू जागेवर नाही, आपण हलवल्याचं आठवत नाही, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी घेतली. मनाला हे सरळ वाटतं. आणि दिवसभर समोर कोण असतं? सांभाळणारी. म्हणून जी जास्त करते तिच्यावरच आळ जास्त येतो. डिमेन्शियाच्या ज्या प्रकाराला अल्झायमर म्हणतात, तो ज्या बाईत पहिल्यांदा ओळखला गेला, ती १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आली तेव्हा ५१ वर्षांची होती. तिच्या आजाराचं पहिलं लक्षण होतं नवऱ्याविषयीचा संशय, आणि ती घरातल्या वस्तू इकडून तिकडे नेऊन लपवायची. डॉक्टर अल्झायमर यांनी ते टिपून ठेवलं आहे.

नणंदबाई म्हणाल्या, "पण आई फोनवर अगदी नीट बोलायची. पोरांची चौकशी करायची. माझ्या गुडघ्यांचं विचारायची."

हे मी कितीतरी घरांत ऐकलं आहे. आयुष्यभर घोटलेली वाक्यं उशिरापर्यंत टिकतात. जेवलीस का, पाऊस आहे का, जावईबापू कसे आहेत. दहा मिनिटांचा फोन त्यावर सहज निभतो. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढं नीट बोलणारी बाई चोरीचं खोटं कशाला सांगेल? लांबच्या लेकीला आपल्याकडे खलनायिका ठरवायची सवय आहे, आणि काही लेकी ते नाव कमावतातही. पण या बाईंनी आईचं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं एकट्यानं ऐकलं होतं. खरं मानावं तर वहिनी चोर, नाही मानावं तर आईला सोडल्यासारखं. त्यांना आजाराबद्दल कुणी बसवून सांगितलंच नव्हतं. भावानं "आईचं डोकं चालत नाही" एवढ्यावर भागवलं होतं.

काकींनी पिशवीतून एक वही काढून त्यांच्यापुढे धरली. नणंदबाईंनी मोठ्यानं वाचलं नाही, पण पानं बराच वेळ उलटली. नंतर काकींनी मला ते पान दाखवलं. दुपारी २, पाटल्या मागितल्या, शोधल्या. ४, पाटल्या मागितल्या, तांदळाचा डबा उपसला. रात्री ९, मला चोर म्हणाल्या, दूध दिलं, प्यायल्या.

रडारड, गळामिठी असं काही झालं नाही. नणंदबाई म्हणाल्या, "एकदा माळा बघूया का दोघी मिळून?" काकी म्हणाल्या, "बघूया. सापडल्या तर तुम्हीच न्या." माळा बघितला, गादीवाल्याकडून गाद्याही उसवून घेतल्या. पाटल्या मिळालेल्या नाहीत.

देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यामागे किती सुना आणि किती लांबच्या लेकी, याची मोजणी कुणी केलेली नाही. माझं मत आता पक्कं आहे: निदान झालं की पहिल्याच महिन्यात घराबाहेरच्या भावंडांना बोलावून हे सांगायचं. माणूस गेल्यावर आळ खोडायला तोच उरत नाही. काही घरं याला तयार नसतात. "आमच्यात तसं काही नाही," म्हणतात. मी तरीही लांबच्यांचे नंबर मागून घेते.

खुर्च्या आवरताना बँकेतले साहेब मागे रेंगाळले. पुढच्या वेळी त्यांच्या मुलीला फोनवरून बैठकीत जोडता येईल का, असं त्यांनी विचारलं. ती न्यू जर्सीला असते. येईल की, म्हटलं. आपल्याकडे संध्याकाळचे पाच म्हणजे थंडीत तिच्याकडे सकाळचे साडेसहा, कामावर निघायच्या आधी तासभर मिळेल, असं त्यांनी तिथल्या तिथे हिशेब करून सांगितलं आणि डायरीत लिहून घेतलं.