चारी ताब्यात घेताना

आमची चारी, म्हणजे धरणाच्या कालव्यातून रानांकडे निघालेला फाटा, सव्वापाच किलोमीटरची आणि माझं रान तिच्या अगदी शेपटाला. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की हेडची, म्हणजे तोंडाकडची मंडळी पहिल्या दोन रात्री ऊस तुडुंब भरायची, मग मधले ओढायचे, आणि टेलला, म्हणजे आमच्या शेपटाला, ओल पोचेपर्यंत कालवा बंद व्हायची वेळ आलेली असायची. खात्याकडे पाणी मागायचा सात नंबरचा फॉर्म मी दर हंगामाला भरायचो. मंजुरीही यायची. मंजुरीचा कागद कोरडा, रानही कोरडं.

2017 च्या उन्हाळ्यात पाणी वापर संस्था काढायचं मनावर घेतलं ते यामुळे. समाजसेवा वगैरे काही नव्हती, हरभऱ्याला दोन पाणी मिळावीत एवढाच हेतू. 2005 साली याचा कायदा झालाय, ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन’, नाव वाचता वाचता दम लागतो. आतला मुद्दा मात्र सरळ आहे. जलसंपदा खातं चारीच्या तोंडाशी मोजून पाणी देणार. तिथून पुढचं वाटप, वसुली, दुरुस्ती संस्थेची. पीक कुठलं घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण एकट्यादुकट्या शेतकऱ्यानं खात्याकडे वेगळं पाणी मागायचं नाही. त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचाही कायदा आला. संस्थेला एकत्र मोजून मिळणाऱ्या ठोक पाण्याचा दर आणि कुणाचा किती हक्क, हे तिथून ठरतं.

आम्ही सहा जण गाडी करून दिंडोरी तालुक्यातल्या वाघाडला जाऊन आलो. तिथं अख्ख्या प्रकल्पाचं वाटप शेतकऱ्यांच्या संस्था करतात. येताना गाडीत हेडचे अण्णा गप्प बसून होते. अण्णांचा आठ एकर ऊस चारीच्या पहिल्याच दारावर आहे, त्यामुळे त्यांच्या गप्प बसण्याला अर्थ होता.

पहिली अडचण आली यादीची. या कायद्यात लाभक्षेत्रातला प्रत्येक जमीनधारक आपोआप सभासद होतो. ऐकायला छान. पण शाखा कार्यालयातून आलेल्या यादीत माझे आजोबा होते, जे जाऊन एकोणीस वर्षं झाली. निम्म्या सातबाऱ्यांवर वारस नोंद नाही, तीन ठिकाणी भावाभावांचे कज्जे चालू, आणि पाच जणांनी जमीन विकली तरी खात्याच्या वहीत तेच मालक. मी आणि गावातला एक पोरगा तलाठी कार्यालयात आठ-नऊ हेलपाटे घालून यादी सरळ करत होतो. या कामात चार महिने गेले आणि त्याबद्दल सांगण्यासारखं याहून काही नाही. निवडणुकीत संचालक मंडळावर हेड, मध्य आणि टेल तिन्हीकडची माणसं आली, बायकाही आल्या. टेलच्या वहिनी पहिल्या बैठकीला घुंगट सावरत मागे बसल्या होत्या. पुढे वसुलीची वही त्यांच्याकडेच गेली, कारण उधारी लक्षात ठेवणारं त्यांच्याइतकं दुसरं कुणी नव्हतं.

खरं काम संयुक्त पाहणीचं. चारी संस्थेच्या ताब्यात द्यायच्या आधी खात्याचा अभियंता आणि संचालक मंडळ मिळून ती तोंडापासून शेपटापर्यंत पायी चालतात आणि काय मोडलंय ते लिहून काढतात. माझा एक आग्रह होता, चालायचं टेलकडून हेडकडे. साहेब हसले, म्हणाले, “तुमच्या मनासारखं होऊ द्या.” पण त्यामुळे झालं असं की सकाळी सगळे ताजेतवाने असताना टेलची दुर्दशा कागदावर नीट उतरली. एरवी टेलला पोचेपर्यंत ऊन चढतं आणि मग ‘पुढे पण असंच आहे’ असं लिहून जीपमध्ये बसतात.

काय काय सापडलं! अस्तराच्या फरशा निघून लोकांच्या गोठ्यात गेलेल्या. दोन दारांना झडपच नाही, पोत्यात माती भरून काम चाललेलं. अडीच किलोमीटरपाशी चारीच्या भरावातून चार इंची पाइप आरपार घातलेला, वर बाभळीच्या फांद्या. पाइप कुणाचा ते सगळ्यांना माहीत होतं, त्या वेळी मात्र सगळ्यांना पलीकडचं डाळिंब बघायची हौस आली. साहेबांनी खाली बसून पाइपाचा व्यास मोजला आणि वहीत ‘अनधिकृत विमोचक, 1’ असं लिहिलं. विमोचक म्हणजे पाणी काढायचं दार. नाव लिहिलं नाही. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, नाव लिहिलं असतं तर संस्था त्याच दिवशी फुटली असती. पाइप पुढच्या आठवड्यात आपोआप नाहीसा झाला.

दुरुस्तीला दीड वर्ष लागलं. निधी नाही, मग निविदा, मग आवर्तन चालू म्हणून काम बंद. मी कार्यालयात इतक्या वेळा गेलो की शिपाई माझा चहा न विचारता सांगायचा. शेवटी चाचणीचं पाणी सोडलं, करारनामा झाला आणि 2019 च्या रब्बीत चारी आमच्या ताब्यात आली.

आता मोजणीचं. चारीच्या तोंडाशी फ्ल्यूम बांधलाय, म्हणजे चारी एका ठिकाणी आवळून पुढे सोडलेली. अलीकडच्या भिंतीवर गेजपट्टी. पट्टीवर पाण्याची उंची वाचायची, तक्त्यात बघायची, प्रवाह मिळतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर. तेवढं पाणी चोवीस तास चाललं की सुमारे 2,447 घनमीटर होतं आणि तेवढं संस्थेला ठरवून दिलेल्या कोट्यातून वजा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा असं दोनदा वाचन, रजिस्टरवर खात्याच्या पाटकऱ्याची सही, शेजारी आमची.

पहिल्याच आवर्तनात घोळ झाला. रजिस्टरप्रमाणे आमचा कोटा आठव्या दिवशी संपत आला आणि रान मात्र जेमतेम निम्मं भिजलेलं. गावात चर्चा सुरू झाली की खातं लुटतंय, पट्टी खोटी बसवलीय. अण्णा तर म्हणाले, “सात नंबरचा फॉर्म बरा होता, निदान कुणी सेंटिमीटर तरी दाखवत नव्हतं.” मी तावातावानं कार्यालयात तक्रार दिली. दोन पानी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाखा अभियंता आले. पट्टीकडे त्यांनी बघितलंही नाही. फ्ल्यूमच्या पुढच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, “पाणी बघा, कसं चाललंय.” मी बघितलं. पाणी सपाट, गुळगुळीत, तेलासारखं. ते म्हणाले, गळ्यातून निघालेलं पाणी खाली कोसळून पुढे उसळी मारायला पाहिजे, तिथं फेस दिसला पाहिजे. उसळी दिसली तरच पट्टी खरं बोलते. मग त्यांनी पुढे बोट दाखवलं. फ्ल्यूमपासून साठ-सत्तर पावलांवर गाळाचा उंचवटा, त्यावर कमरेएवढी पाणकणसं. त्या उंचवट्यानं पाणी तुंबून फ्ल्यूमपर्यंत मागं चढलं होतं. म्हणजे पट्टीवर उंची भरपूर, प्रत्यक्षात वाहतंय कमी. आम्ही न मिळालेल्या पाण्याचे घनमीटर स्वतःच्या सहीनं मान्य करत होतो.

आणि गाळ कुणी काढायचा? ताबा घेतल्यापासून आम्ही.

माझी दोन पानी तक्रार मी परत मागून घेतली. त्या रात्री पाणी बंद करून घेतलं, सकाळी चाळीस जण फावडी घेऊन उतरले, त्यात अण्णाही होते. दुपारी पाणी सोडलं तेव्हा सगळे फ्ल्यूमच्या पुढे उभे. उसळी दिसल्यावर पोरांनी शिट्ट्या मारल्या, जसा काही बैल शर्यतीत पहिला आला. वाया गेलेले घनमीटर काही परत मिळाले नाहीत. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, रजिस्टरवर सही आहे.

त्यानंतर वाटप आम्ही तासांवर लावलं. एकरी किती तास ते सभेत ठरवलं आणि सुरुवात टेलपासून केली. हेडच्या लोकांनी कुरकुर केली, पण त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली होती: उन्हाळी हंगामाचा दर रब्बीपेक्षा चढा, आणि कोटा ठरलेला, म्हणजे उसाला वाट्टेल तेवढं पाणी पाजणं आता त्यांच्याच खिशातून जाणार. अण्णांनी पुढच्या लागणीला चार एकरांत ठिबक केलं. मी समजावलं म्हणून नव्हे, हिशेब बघून.

इथवर मी टेलचा माणूस म्हणून बोलतोय आणि न्याय माझ्या बाजूला आहे. पण आमचं धरण गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात आहे. 2014 च्या सप्टेंबरात प्राधिकरणानं आदेश काढला की 15 ऑक्टोबरला खाली पैठणच्या जायकवाडी धरणात उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांनी ठरल्या तक्त्याप्रमाणे खाली पाणी सोडायचं. 2023 साली तशी वेळ आली आणि नाशिक-नगरच्या धरणांतून 8.6 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा हुकूम निघाला. आमच्याकडे रास्ता रोको झाला. ‘आमचं पाणी पळवलं’ म्हणून मीही घोषणा दिल्या, घसा बसेपर्यंत. नदीपात्रातच निम्मं मुरेल, पैठणला पोचणार किती, हा युक्तिवाद मी माइकवर केला.

घरी आल्यावर वहिनी वसुलीची वही घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, “भाऊजी, अण्णा पण असंच म्हणायचे ना? की टेलपर्यंत पोचेस्तोवर निम्मं मुरतंय, कशाला सोडायचं?”

मी म्हटलं, “आधी तुमची थकबाकी सांगा.”

अकरा जणांची बाकी होती. त्यात एक नाव माझं.