एकाच फांदीवरची हिरवी आणि लाल गोजी

आज कुंडीतल्या गोजीच्या एकाच फांदीला हिरवी, केशरी आणि लालभडक फळं लगडलेली दिसली. हिरवं नखाने दाबलं तर टणक. लाल मात्र बोटांतच फुटलं, रस मनगटापर्यंत ओघळला. हा रंग मुख्यतः झिअॅक्झँथिन या रंगद्रव्याचा. पण मला खरी ओढ खनिजांची.

कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबर वर चढतं आणि फळात शिरतं ते जास्त करून ते कोवळं असताना. पुढे फळ रसाने, साखरेने फुगतं, कॅल्शियमची आवक मात्र मंदावते. म्हणून दर ग्रॅममागे ते विरळ होत जातं. पोटॅशियमचं तसं नाही! साखरेच्याच वाटेने, पानांकडून, ते पिकेपर्यंत येत राहतं. गोजीचा भाऊबंद असलेल्या टोमॅटोतही हेच घडतं. लाल गोजीत सर्वांत जास्त खनिज पोटॅशियमच.