एनआरव्ही धड होता तोपर्यंत

वाघोलीच्या बाजूची सोसायटी, तिसरा मजला, सहा बाय दोन बाय दोन फुटांची माशांची टाकी आणि खाली स्टँडमध्ये मालकांनी, म्हणजे काकांनी, स्वतः आखून करून घेतलेला संप, म्हणजे पाणी गाळायची कप्प्यांची टाकी. वरचं पाणी संपात उतरतं आणि पंप ते रिटर्नच्या पाइपाने परत वर पाठवतो. गुरुवारी लाइट गेली आणि थोड्याच वेळात दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलचं पीओपी ठिबकायला लागलं. फोनवर निदान तयारच होतं: "दादा, संप लीक झालाय, येताना सिलिकॉन घेऊन या."

संप लीक नव्हता. जोड कोरडे होते, तळाच्या कडा कोरड्या होत्या, ओल होती ती वरच्या काठावरून बाहेर ओघळलेली. वरच्या टाकीतलं पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा बरोबर सहा इंच खाली, रिटर्नच्या नोझलच्या तोंडापाशी येऊन थांबलेलं. एवढं दिसलं की पुढचं सगळं गणित आहे, आणि या टाकीचं गणित तोंडी करता येतं. सहा बाय दोन फूट म्हणजे बारा चौरस फूट, त्यामुळे पाण्याचा प्रत्येक इंच म्हणजे एक घनफूट, 28 लिटर. सहा इंचांचे 170 लिटर. खालचा संप चार बाय दीड फूट, उंची दीड फूट. कप्पे पाडणाऱ्या काचा 11 इंच उंच आणि पंपाच्या कप्प्यात चालू असताना 9 इंच पाणी. म्हणजे काठापर्यंत रिकामी जागा जेमतेम 105 लिटरची. उरलेले साठ-पासष्ट लिटर लाकडी फ्लोअरिंगखालून शेजाऱ्यांच्या छतात.

मालकांची आखणी वाईट नव्हती, हे आधी सांगायला हवं. बायो-मीडियाचा (पाणी शुद्ध करणारे जिवाणू ज्यावर वाढतात त्या रिंगांचा) कप्पा तर दृष्ट लागण्यासारखा: जवळजवळ 30 लिटर सिरॅमिक रिंगा, खालून हवा, आधी 200 मायक्रॉनची पिशवी, मग जाड स्पंज. चार ऑस्कर मासे आणि एका बोजड सकर माशासाठी एवढं भरपूर झालं. लोक मीडियावर महिनोन्‌महिने वाचतात, कोणत्या रिंगेत किती छिद्रं यावर वाद घालतात. पंप बंद पडल्यावर पाणी कुठे जाऊन उभं राहील, हा प्रश्न मात्र आखणीच्या कागदावर क्वचित दिसतो. काचवाल्यांना तो सुचतच नाही. टाकी गळली नाही की त्यांचं काम संपलं.

इथे तो प्रश्न सुचला होता, आणि त्याची दोन उत्तरंही दिलेली होती. रिटर्नचा पाइप काठावरून वळून टाकीत सहा इंच खोल उतरवला होता, ऑस्करची घाण तळाशी बसू नये म्हणून. पंप थांबला की असा पाइप सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली ओढत राहतो. ते तोडायला पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या इंचावर 4 मिलिमीटरचं भोक पाडलेलं होतं: पातळी थोडी उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. शिवाय पंपाच्या वर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, झडपेचा. काकांचं म्हणणं तेच होतं, "अहो, दोन-दोन सोयी केल्या होत्या, दोन्ही एकाच दिवशी कशा गेल्या?"

दोन्ही एकाच दिवशी गेल्या नव्हत्या. एनआरव्ही उघडला तेव्हा झडपेच्या बैठकीत सिरॅमिक रिंगेचा एक तुकडा अडकलेला निघाला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. कडा धारदार, वर बुळबुळीत थर अजिबात नाही. म्हणजे ताजा. रिंगा जाळीच्या पिशवीत न भरता सुट्या ओतल्या होत्या आणि पंपाच्या तोंडाला जाळी नव्हती. स्वस्त रिंगा एकमेकींवर घासून झिजतात, कपच्या उडतात, पंप त्या वर फेकतो. भोकाची गोष्ट वेगळी होती. ते शोधायलाच लागलं. टँकरचं जड पाणी, वरून एलईडीचा उजेड, त्यामुळे आत क्षाराचा दगड आणि त्यावर हिरवा शेवाळाचा थर. टाचणीने निघेना, हाताने ड्रिल फिरवून कोरावं लागलं. एवढा क्षार काही आठवड्यांत साचत नाही.

म्हणजे भोक कित्येक महिने बंद होतं. त्या महिन्यांत लाइट कितीतरी वेळा गेली असणार आणि दर वेळी एनआरव्हीने पाणी धरून ठेवलं. टाकी शिस्तीत थांबायची, शिस्तीत सुरू व्हायची. एनआरव्ही धड होता तोपर्यंत भोकाची परीक्षा एकदाही झाली नाही. जो भाग चालू होता त्यानेच बिघडलेला भाग झाकून ठेवला. ही गोष्ट अजून डोक्यातून जात नाही, कारण पहिल्या दिवशी काकांनी स्विच बंद करून चाचणीही घेतली होती. चाचणी पास झाली. कोणामुळे, हे त्या चाचणीतून कळण्यासारखंच नव्हतं.

आता दुरुस्ती. टाकीच्या कोपऱ्यातल्या ओव्हरफ्लोच्या बॉक्समध्ये (वरचं पाणी यात पडून संपात जातं) तळाला एक-एक इंची दोन भोकं होती: एकातून पाणी खाली यायचं, दुसऱ्यातून रिटर्न वर. टाकी रिकामी करून काचेला तिसरं भोक पाडायचा विचार सोडून दिला. जुन्या टाकीचा तळ टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेचा, आहे की साधा हे आधी बघावं लागतं (मागे लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन धरून पोलराइज्ड गॉगलमधून पाहिलं की टफन काचेत डाग-पट्टे दिसतात), आणि टफन काचेला बिट लावला की तिचा चुरा होतो. त्यापेक्षा दोन्ही भोकं खाली येणाऱ्या पाण्याला दिली आणि रिटर्न मागच्या काठावरून आणला.

मुख्य पाइपाचं तोंड बॉक्समधल्या पातळीच्या सहा इंच खाली, आणि खाली संपाजवळ गेट व्हॉल्व्ह. बॉल व्हॉल्व्ह इथे कामाचा नाही. पाव वेढ्यात तो उघडतो आणि मिटतो, केसभर फरक करायला जागाच नाही. गेट व्हॉल्व्ह हळूहळू आवळत नेला की पाइपात हवा शिरणं थांबतं, तो पूर्ण भरून वाहतो आणि गुडगुड बंद होते. आधी हवेसकट वाहताना हाच इंची पाइप धापा टाकत होता, आता व्हॉल्व्ह अर्ध्याहून जास्त मिटवूनही पुरतो. याचं खालचं टोक संपाच्या पाण्यात एक इंचच बुडवायचं. जास्त बुडवलं तर लाइट आल्यावर आतली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन धरत नाही. दुसरा पाइप आणीबाणीचा: तोंड मुख्य पाइपापेक्षा बरंच वर, बॉक्सच्या दातांच्या (ज्या खाचांतून पाणी आत पडतं) थोडं खाली, आणि त्याचं खालचं टोक पाण्याच्या वर मोकळं. मुख्य पाइप तुंबला की हा खळखळतो आणि झोपलेला माणूस उठतो. त्यावर व्हॉल्व्ह कधीही बसवायचा नाही. चाचणीला गेट व्हॉल्व्ह पूर्ण मिटवून पंप चालू ठेवला, एकट्या आणीबाणीच्या पाइपाने सगळं पाणी पेललं.

रिटर्नची दोन्ही नोझलं आता पातळीखाली एकाच इंचावर, म्हणजे दातांच्या तळाशी समपातळीत. त्याखाली नाही. भोक आहेच, 6 मिलिमीटरचं, पण ते बुजलं तरी इंचभरापेक्षा जास्त पाणी ओढलं जाणार नाही: 28 लिटर, बॉक्स आणि पाइपातलं धरून पस्तीस-चाळीस. संपातली पातळी तेरा-साडेतेरा इंचांवर थांबते, काठ अठरावर. तळाची घाण हलवायला एक छोटा वेव्हमेकर (टाकीतच पाणी ढवळणारा पंखा) लावला, त्याला सायफन होता येत नाही.

उलट बाजूचंही गणित करावं लागतं आणि ते तर कोणीच करत नाही. दोन्ही ड्रेन तुंबले तर पंप आपल्या कप्प्यातलं सगळं पाणी वर फेकणार. पंपाचा कप्पा एक फूट लांब, दीड फूट रुंद, पाणी नऊ इंच: 32 लिटर. वर काठापर्यंत मोकळे दोन इंच, म्हणजे 56. बसतं.

पंपाच्या खोक्यावर ताशी 6,000 लिटर लिहिलेलं. तो आकडा पंप पाण्याच्या पातळीवर ठेवून मोजलेला असतो. दीड मीटर चढ आणि चार एल्बो यांच्यानंतर 20 लिटरची बादली 23 सेकंदांत भरली, म्हणजे ताशी 3,100 च्या आसपास. साडेसहाशे लिटरच्या टाकीला पाचपट, पुरेसं. दुकानदार मात्र अजून मोठा पंप सुचवत होता. त्याला काय, खोकी विकायची आहेत.

मीडिया या सगळ्यात टाकीच्याच पाण्यात, हवेचा दगड लावून ठेवला. क्लोरीनच्या पाण्याखाली रिंगा धुतल्या तर जिवाणू मरू शकतात, आणि मग अमोनिया चढत असताना चार-सहा आठवडे नव्याने वाट पाहायची. आता रिंगा जाळीच्या पिशव्यांत आहेत आणि पंपाला जाळी आहे. संपाच्या काचेवर मार्करने दोन रेघा: "चालू" आणि "बंद". बाष्पीभवनाची घट फक्त पंपाच्या कप्प्यात दिसते, म्हणून भर तिथेच घालायची, आणि तीही पंप चालू असतानाच. चालू असताना भर घालून "बंद"ची रेघ गाठायला जाऊ नये, हे घरातल्या सगळ्यांना दोनदा सांगितलं. इन्व्हर्टरवर फक्त एअर पंप.

एनआरव्ही काढला. काकांना ते पटलेलं नाही. लाइट आली की रिटर्नमधली हवा मिनिटभर फसफसते, ऑस्कर बिचकतात, एक तर काचेवर आपटला. त्यांचं म्हणणं खोटं नाही. म्हणून तिथे दोन्ही बाजूंना युनियन (हाताने फिरवून सुटणारे जोड) ठेवून मधे साधा पाइपाचा तुकडा घातला आहे: एनआरव्ही पाच मिनिटांत परत बसतो. बसवायचा असेल तर बसवा, पण महिन्यातून एकदा तो काढून, तुकडा घालून, मग स्विच बंद करायचा आणि नोझलपाशी बघत उभं राहायचं. काका म्हणाले, "एवढं कोण करतंय?" धुऊन कोरडा केलेला एनआरव्ही स्टँडच्या फळीवर ठेवलाय, त्यांनी ठरवावं.