नोंद ३ : तंबोऱ्याचा विसावा हार्मोनिक, आणि पेटीचा

फोंडा, आषाढ. हार्मोनिक, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे साधारण दुप्पट, तिप्पट असे वरचे सूर, तंतोतंत पूर्णांकी पटीत पडतात का, ते मोजायचं. जोडाची (मधल्या दोन षड्जांपैकी एक) पोलादी तार ०.३० मिमी, लांबी ९० सेंमी, पट्टी काळी एक म्हणजे १३८.६ हर्ट्‌झ. ताण साधारण साडेतीन किलो.

जवारीचा (झणकार देणारा) दोरा काढला तरी रुंद घोडीवर तार घासतेच. म्हणून घोडीच्या पुढच्या कडेवर तारेखाली १ मिमीचा खिळा सरकवायचा, लांबी तिथून मोजायची आणि तार पुन्हा लावून घ्यायची. छेडल्यावरचा पहिला अर्धा सेकंद सोडून द्यावा, कारण जोरात हलणाऱ्या तारेचा ताण वाढतो आणि सूर चढा येतो.

मागच्या नोंदीत सगळे हार्मोनिक पूर्णांकी दिसले, ती आपलीच चूक. ऑडॅसिटीत (आवाज तपासायचं सॉफ्टवेअर) ४०९६ नमुन्यांची खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा तुकडा, होती, तिचा एक खाना (वेगळं ओळखता येणारं सर्वांत लहान अंतर) १०.८ हर्ट्‌झचा, दहाव्या हार्मोनिकचा फरक जेमतेम २ हर्ट्‌झ. खिडकी ६५५३६ केली की खाना ०.६७ हर्ट्‌झवर येतो, पण दीड सेकंद स्वच्छ आवाज लागतो. कौलांवर पाऊस कोसळत असताना हे नाद सोडा. पंखाही बंद हवा, आणि फोनमधलं आवाज गाळणारं सेटिंगसुद्धा.

तार ताठर असते, म्हणून वरचे हार्मोनिक चढतात. ताठरपणाचा गुणांक इथे ०.००००२८. त्याला क्रमांकाच्या वर्गाने गुणून १ मिळवा, वर्गमूळ घ्या. तेवढ्या पटीने चढ. पाचवा, म्हणजे आपला स्वयंभू गंधार, ०.६ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढतो. कुणाच्या कानाला कळणार नाही. (समान अंतरांनी लावलेल्या पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा सुमारे १४ सेंट वर असतो, भांडण खरं तिथे आहे.) दहावा २.४ सेंट. विसावा ९.६ सेंट: २७७२ऐवजी २७८७ हर्ट्‌झच्या जरा वर.

पेटीकडून तर पूर्णांकांची अपेक्षाच नव्हती. पेटीत सूर काढणाऱ्या, एका टोकाला पक्क्या केलेल्या धातूच्या पट्टीचे स्वतःचे कंप १ : ६.२७ : १७.५५ असे, पूर्णांकाशी संबंधच नाही. तरी भात्याचा दाब स्थिर ठेवून, सुरांचा एकच संच उघडा ठेवला तर विसावा हार्मोनिक बरोबर वीसपट, एका खान्याच्या आत. हवा पट्टीला प्रत्येक फेऱ्यात तोच ठेका द्यायला लावते; फेरा जसाच्या तसा परत आला की हार्मोनिक पूर्णांकीच पडणार. गजाने वाजवलेल्या व्हायोलिनचंही तेच. तंबोऱ्याची तार एकदा छेडून सोडलेली, तिच्यावर असा धाक नाही.

पुढे चवथीआधी घुमट (तोंडावर कातडं ताणलेलं मातीचं मडक्यासारखं वाद्य). तबल्याला शाई आहे, तिच्यामुळे कंप पूर्णांकांजवळ येतात हे भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी दाखवलं. घुमटाला शाई नाही. कोऱ्या पडद्याचा दुसरा कंप १.५९पट असतो, मडक्यातली हवा तोही हलवेल. कातडं पावसात सैल पडतं, तेव्हा शेकून लगेच मोजायचं.