बाहेरून दहा

गणिताच्या पुस्तकात त्या पानावर एक चौकट असते. रंगीत पट्टी, आत एकच ओळ: 1 लिटर = 1000 घनसेमी. ती ओळ मुलं दोन मिनिटांत पाठ करतात, परीक्षेत बरोबर लिहितात आणि त्यातल्या अक्षरावरही त्यांचा विश्वास नसतो. गेली काही वर्षं मी सातवीला घनफळाचं हे प्रकरण शिकवते आहे आणि माझा सगळा राग त्या चौकटीवर आहे. राग थोडा एका छापील मागणीपत्रावरही आहे. ते पुढे येईलच.

प्रकरणाची सुरुवात कधीच अवघड जात नाही. एक सेंटीमीटर बाजूचे ठोकळे घ्यायचे, चार लांब, तीन रुंद, दोन उंच असे रचायचे, मोजायचे. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची हे सूत्र मुलंच शोधून काढतात. इष्टिकाचिती, म्हणजे विटेसारखा आकार, झाली, घन झाला, दोन तासांत विषय पुढे. एवढंच बघा, की ठोकळे खरे द्या, चित्रातले नकोत. चित्रातली रचना दिली की बरीच मुलं दिसणारे चौकोन मोजतात. कोपऱ्यातला एकच ठोकळा तीन बाजूंनी दिसतो म्हणून तीनदा मोजला जातो आणि पोटातले ठोकळे कुणाच्या गणतीतच नसतात.

यंदा मला चौकटीतली ओळ डोळ्यांसमोर ओतून दाखवायची होती. त्यासाठी मोजपात्रं हवी होती. 1000 मिलीची दोन, 100 मिलीची सहा. ती शाळेतच आहेत, प्रयोगशाळेच्या कपाटात, काचेतून दिसतात. पण घ्यायची तर मागणीपत्र भरायचं. मागणीपत्रात रकाने: वस्तूचे नाव, नग, आकारमान, शेरा. मी आकारमानाच्या रकान्यात ‘1000 मिली’ लिहिलं. विज्ञानाच्या पुस्तकात आकारमान म्हणजे वस्तूने व्यापलेली जागा, मग मिली लिहिण्यात काय चुकलं? आठ दिवसांनी कागद लाल शाईत परत आला: ‘आकारमान स्पष्ट करावे.’ मी ‘1 लिटर’ लिहिलं. पुन्हा परत. मग स्वतः जाऊन विचारलं तेव्हा कळलं, की कार्यालयाला उंची आणि बुडाची रुंदी हवी आहे. वस्तू परत आल्यावर कोणत्या फळीवर बसेल, त्याची नोंद ठेवायची असते म्हणे. कपाट बंद. पात्र आत. मी बाहेरून पट्टी धरून काचेपलीकडच्या पात्राची उंची अदमासे लिहिली. त्यानंतर ज्यांच्याकडे चावी ते प्रशिक्षणाला गेले.

सतरा दिवस गेले. वेळापत्रक काही माझ्यासाठी थांबणार नव्हतं, म्हणून म्हटलं, डबा आपणच करू.

रात्री बसून जाड पुठ्ठ्याचा, वरून उघडा, दहा सेंटीमीटर बाजूचा घन केला. पट्टी लावून तीनतीनदा तपासला. लांबी दहा, रुंदी दहा, उंची दहा. सांधे चिकटपट्टीने बंद केले, आत पातळ प्लॅस्टिकची पिशवी घातली. दहा गुणिले दहा गुणिले दहा, हजार घनसेमी. एक लिटर पाणी त्यात बरोब्बर काठापर्यंत येणार. वर्गात जाताना मी मनात टाळ्यासुद्धा ऐकल्या होत्या, खोटं कशाला बोलू.

ओतायला सुरुवात केली. डबा काठोकाठ भरला. बाटलीत पाणी शिल्लक.

थोडंथोडकं नाही. चांगलं पेलाभर. वर्गात आधी शांतता, मग मागच्या बाकावरून एक आवाज आला, ‘बाई, पुस्तक चुकलं.’ आणि मग सगळा वर्ग हसत सुटला.

मी काय करायला हवं होतं ते आज मला नीट माहीत आहे. त्या दिवशी मी काय केलं? पिशवीला सुरकुत्या पडल्यात म्हणाले. डबा नीट झाला नसेल म्हणाले. शेवटी, ‘नियम बरोबरच आहे, तुम्ही वहीत लिहून घ्या,’ असंही म्हणाले. शिक्षकाने म्हणू नये अशी वाक्यं असतात, त्यांतलं हे पहिल्या क्रमांकाचं. मुलांनी लिहून घेतलं. त्यांच्या नजरेत स्पष्ट दिसत होतं, की गणितात एक असतं आणि पाण्यात दुसरं.

दुसऱ्या दिवशी मी तो फसलेला डबा तसाच टेबलावर ठेवला आणि विचारलं, पाणी का उरलं असेल? तीन मतं पडली. पहिलं मत, बाटलीत लिटरभरापेक्षा जास्त पाणी होतं. दुसरं, पाणी आणि ठोकळे वेगळ्या जातीचे, ठोकळ्यांचं माप पाण्याला लागूच पडत नाही. तिसरं, बाईंना डबा करता येत नाही.

पहिलं मत मला आवडलं, कारण ते तपासता येणारं होतं आणि निम्मं खरं होतं. बाटलीवर एक लिटर छापलेलं असलं तरी काठोकाठ भरली तर तिच्यात जास्त मावतं, वरची रिकामी जागा असतेच. मग खूण कुठे करायची? वजनकाटा आणला. रिकामी बाटली ठेवली, काटा शून्यावर आणला आणि 1000 ग्रॅम होईपर्यंत पाणी भरलं. त्या पातळीवर खूण. नेहमीच्या तापमानाला एक लिटर पाण्याचं वजन हजार ग्रॅमला दोन-चार ग्रॅम कमी भरतं, पण आमच्या कामाला तेवढा फरक चालण्यासारखा होता. (मोजपात्राची वाट बघत बसलेल्यांनी हे आधी करा. मी सतरा दिवस घालवले, ते काम काट्याने सात मिनिटांत झालं.)

आपण पाण्याचं वजन करून लिटर ठरवतो आहोत ही पळवाट आहे, असं एका मुलीने म्हटलं. तिला सांगितलं, की जगातल्या मोजमापवाल्यांनीही हीच पळवाट धरली होती. 1795 साली फ्रान्समध्ये लिटर ठरला तो घनावरून, मीटरच्या दहाव्या भागाएवढी बाजू असलेल्या घनावरून. 1901 मध्ये व्याख्या बदलली: एक किलो शुद्ध पाणी, त्याची घनता सर्वाधिक असते त्या तापमानाला, जेवढी जागा घेईल तेवढा लिटर. पण हा लिटर हजार घनसेमीला तंतोतंत जुळेना, 1000.028 घनसेमी भरायचा. शेवटी 1964 मध्ये ती व्याख्या सोडली आणि लिटर पुन्हा घनावर आणून बसवला. मुलांना याची फार मजा वाटली. म्हणजे मोठ्यांचंही पाणी उरत होतं!

खूण केलेली बाटली घेऊन पुन्हा ओतलं. पुन्हा उरलं. आता बाटली निर्दोष सुटली आणि संशय डब्यावर आला.

उत्तर सापडलं ते ठोकळ्यांनी, आणि मला नाही, दोन मुलांना. पिशवी काढून ती डब्याच्या तळाशी ठोकळ्यांची ओळ लावायला लागली. नऊ बसले. दहावा बसेना. बाहेरून भिंतीला लावून पाहिले तर दहा अगदी चपखल. आतून नऊ, बाहेरून दहा. काही वेळ ती नुसती आत-बाहेर करत बसली होती आणि मग त्यांतला एक जण ओरडला, ‘बाई, पुठ्ठ्याची जाडी!’

पुठ्ठा तीन मिलिमीटर जाड. दोन्ही बाजूंच्या भिंती धरून सहा मिलिमीटर गेले, आतली लांबी-रुंदी राहिली 9.4 सेमी. तळाचा पुठ्ठा वजा जाता उंची 9.7. गुणाकार फळ्यावर मुलांनीच केला: 857 घनसेमी. म्हणजे 143 मिली उरायला हवं. औषधाच्या मापाच्या टोपणाने उरलेलं पाणी मोजलं तर ते 130 च्या आसपास निघालं. बाकीचं कुठे गेलं यावर पुन्हा वाद. भरल्या डब्याच्या भिंती फुगल्या होत्या, त्या पोटात ते गेलं होतं.

घनफळ आणि धारकता यांतला फरक मी दरवर्षी फळ्यावर दोन व्याख्या लिहून सांगत असे. घनफळ म्हणजे वस्तूने व्यापलेली जागा, धारकता म्हणजे भांड्यात मावणाऱ्या द्रवाचं माप. मुलं दोन्ही पाठ करत आणि एकीच्या जागी दुसरी लिहीत. यंदा एकाही मुलाने अदलाबदल केली नाही. आमच्या वर्गात या फरकाला नाव पडलं ‘बाहेरून दहा’.

डबा पुन्हा करायचा असेल तर कापायची मापं देते, मला ती कुणी दिली नव्हती. पुठ्ठा तीन मिमी जाड असेल तर तळ 10 × 10 सेमी. भिंती तळावर उभ्या करू नका, तळाच्या बाहेरून चिकटवा. दोन भिंती 10 सेमी रुंद, दोन 10.6 सेमी रुंद, उंची सगळ्यांची 10.3. पुठ्ठा वेगळ्या जाडीचा असेल तर आधी जाडी मोजा. आणि ओतण्याआधी चारही बाजूंना जाड पुस्तकं टेकवून ठेवा, म्हणजे पोट सुटत नाही. एवढं करूनही आमचं पाणी काठाच्या दोन-तीन मिलिमीटर खाली थांबलं. दहा बाय दहाच्या तळावर दोन-तीन मिलिमीटर म्हणजे वीस-तीस मिली, हा हिशोब मुलांनी न सांगता केला. ज्यांना पहिल्या दिवशी पुस्तक चुकलेलं वाटत होतं, तीच आता, ‘एवढं चालायचंच, बाई,’ असं मला समजावत होती.

नवा डबा पाहून एकाने विचारलं, असे किती डबे रचले की एक घनमीटर होईल? वर्गाचं उत्तर एकमुखाने आलं, दहा. एका मीटरमध्ये दहा डबे मावतात ते लांबीत. मग रुंदीतही दहा, उंचीतही दहा. हजार डबे, हजार लिटर. आणि घनसेमी दहा लाख. इथेही घाई केली तर 1 घनमीटर = 100 घनसेमी असं लिहिणारी मुलं हमखास निघतात. वर्गाच्या कोपऱ्यात मीटरभर लांबीच्या पट्ट्या उभ्या-आडव्या बांधून एक रिकामा सांगाडा करून ठेवा. त्यात तीन-चार मुलं जाऊन बसली, की दहा लाख हा आकडा पटतो.

पावसाचं गणितही याच तासाला घ्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. हे मला आधी सुचलं असतं तर प्रकरणाची सुरुवातच त्याने केली असती.

दगडाचं आकारमान काढायचा प्रयोग सोपा आहे: मोजपात्रात पाणी, आधीची पातळी, दोरीने सोडलेला दगड, नंतरची पातळी, वजाबाकी. पण आधी अंदाज विचारा. जड दगड आणि त्याच आकाराचा हलका ठोकळा, दोन्ही पूर्ण बुडवले तर पाणी कशाने जास्त चढेल? बहुतेक मुलं जडकडे बोट दाखवतात. तरंगणारी वस्तू असेल तर तिला बुडवणारं काही तरी बांधा आणि त्याचं आकारमान वेगळं वजा करा. उंच अरुंद भांड्यातलं पाणी रुंद भांड्यात ओतलं तरी तेवढंच राहतं, हे या वयाला समजलेलं असतं. बुडालेल्या वस्तूने किती पाणी सरकतं ते मात्र बऱ्याच उशिरा समजतं. मानसशास्त्रज्ञ पियाजेने हे मुलांबरोबर काम करूनच नोंदवलं आहे, आणि मी दरवर्षी बघते.

पातळी वाचताना डोळा पातळीच्या रेषेत हवा. उभ्याने खाली बघून वाचलं तर आकडा जास्त येतो. काचेच्या पात्रात पाणी कडेला चढतं, म्हणून खोलगट भागाचा तळ वाचायचा. प्रत्येक गटात एकाने वाकून वाचायचं, दुसऱ्याने उभ्याने, आणि दोन्ही आकडे लिहायचे. सांगून पटत नाही ते या दोन आकड्यांनी पटतं.

आणखी एक, हे खरं तर आधी यायला हवं होतं. ए-फोर आकाराचे दोन सारखे कागद घ्या, एक लांबीकडून गुंडाळा, एक रुंदीकडून. दोन वृत्तचिती, म्हणजे गोल नळ्या, होतील. कागद तेवढाच, म्हणून मुलं ठामपणे सांगतात, दोन्हींत सारखंच मावेल. बुटकी भरते सुमारे 1474 घनसेमी, उंच भरते 1042. बुटक्या नळीत उंच नळी उभी करा, उंच नळी दाण्यांनी किंवा वाळूने भरा आणि हळूच उचलून घ्या. तेवढ्याने बुटकी भरतच नाही. सूत्र त्यानंतर सांगा.

मोजपात्रं मिळाली. प्रकरण संपून चाचणी झाल्यावर, एका खोक्यात, गवतात गुंडाळलेली. सोबत पोचपावती होती आणि तिच्यावरही तोच रकाना. मी पेन घेऊन बराच वेळ उभी राहिले. मग ‘आकारमान’ समोर लिहिलं, ‘आतून 1000 मिली, बाहेरून आपण मोजून घ्यावे,’ आणि सही केली. अजून तरी ती पावती परत आलेली नाही.